मागच्या झाडातलं बिऱ्हाड

प्रिय आई,

पहिल्याच शब्दाशी अडले होते. कोर्टाच्या कागदांप्रमाणे मी सहा वर्षांपूर्वीच तुमची सून राहिले नाही, तेव्हा 'प्रिय आई' लिहायचा हक्क मला आहे की नाही, कोण जाणे. पण 'माननीय माजी सासूबाई' असं लिहिलं असतं तर तुम्ही चष्मा काढून हसत बसला असता आणि पुढचं वाचायचं राहून गेलं असतं. म्हणून आईच. फोनच करणार होते, पण फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही हे तुम्ही कबूल करत नाही. मागच्या वेळी मी विचारलं, गुडघा कसा आहे, तर तुम्ही म्हणालात, "हो हो, सगळ्यांना सांगते." आज जे सांगायचंय त्याला 'हो हो' चालणार नाही. म्हणून अक्षर मोठं काढलंय. सावकाश वाचा. बातमी चांगली आहे एवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच छातीत धडधड नको.

तुमच्या लेखी माझं काम म्हणजे सकाळी शिडी घेऊन रानात जायचं आणि संध्याकाळी चिखल घेऊन परत यायचं. तुम्ही शेजारणींना तसंच सांगायचात आणि ते फारसं खोटंही नव्हतं. पण त्या शिडीच्या वरच्या टोकाला काय चाललं होतं, हे मी घरात कधी धड सांगितलंच नाही. सांगायला बसले की तुमचे चिरंजीव घड्याळ बघायचे आणि मग माझाही उत्साह मावळायचा. तर आज सांगते. आपल्या टेकडीवरच्या रानात एक लहानसं घुबड राहतं. मुठीहून थोडं मोठं, गुबगुबीत, चेहऱ्यावर कायम कोणीतरी झोपमोड केल्यासारखा राग. हे माणूस दिसला की मान खालीवर करून बघतं, आणि दिवसाढवळ्या शिकार करतं, त्यामुळे माझी नोकरी दिवसाची. जुन्या झाडांच्या ढोलीत घर करतं आणि उघड्यावर यायला मात्र भलतंच भितं. दोन झाडांमध्ये जरा मोठं मोकळं अंतर आलं की अलीकडच्या फांदीवर बसून राहील, पलीकडे जाणार नाही. पूर्वी टेकडीपासून नदीपलीकडच्या मोठ्या रानापर्यंत झाडं सलग होती. मग खाण आली, मोठा रस्ता आला, गोदामं आली. टेकडीवरची घुबडं टेकडीवरच अडकली. बाहेरून कोणी यायचं नाही, इथलं कोणी जायचं नाही. अशी तीस वर्षं गेली.

त्याचं पुढे काय होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मी नोकरीला लागले तेव्हा टेकडीवर चाळीसेक पक्षी होते. मग तीस झाले, मग वीस. कोणी मारत नव्हतं, खाणंही पुरेसं होतं. तरी मादी अंड्यांवर बसायची, बसून बसून थकायची आणि अंडी तशीच गार. एखादं फुटलंच तर पिल्लू अशक्त, चोच वाकडी, पंख धरायला ताकद नाही. आम्ही रक्ताचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवले. तिथल्या मॅडम फार मोजकं बोलतात. त्या म्हणाल्या, "कागदावर तुमच्याकडे अकरा पक्षी आहेत. रक्तात बघितलं तर दीड कुटुंब आहे." म्हणजे सगळी एकमेकांची भावंडं, नाहीतर चुलत-मावस. बाहेरचं रक्त आलं नाही तर एखादा आजार, एखादा कडक उन्हाळा यायचा आणि सगळं संपायचं. मग आम्ही नदीपलीकडून दोन माद्या पेटीत घालून आणल्या. एक ससाण्यानं नेली. दुसरी सोडल्याबरोबर उडाली ती पुन्हा दिसलीच नाही. तेव्हा तुमच्याकडे येऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर बसावं असं फार वाटलं होतं, पण तोवर आमचं वेगळं होणं उरकलं होतं आणि कुठल्या नात्यानं यायचं ते कळेना.

या वर्षी सात उरले. वरच्या मंडळींची बैठक झाली आणि ठरलं की सातही पकडायचे आणि पिंजऱ्यात ठेवून जपायचे. त्या ठरावाला मीही होकार दिला होता, आई. दुसरं काही सुचतच नव्हतं. पिंजऱ्यात निदान जिवंत राहतील, असं मी स्वतःला समजावत होते. पण पिंजरे आले, व्हरांड्यात ओळीनं मांडले, आणि मला तिथून जाता-येताना मान दुसरीकडे वळवावी लागायची. ज्या पक्ष्याला मी पंधरा वर्षं एकाच फांदीवर ऊन खाताना बघितलं, त्याचं रान आता मीच बंद करणार. आमच्या ड्रायव्हरला तुम्ही ओळखता, तो सावकाशराव. गाडी इतकी हळू चालवतो की त्याचं खरं नाव कोणालाच आठवत नाही. त्या सकाळी तो नेहमीपेक्षाही सावकाश चालवत होता. मी म्हटलं, "पोचणार आहोत ना आपण?" तर म्हणाला, "पोचायची घाई तुम्हाला तरी आहे का, बाई?"

पहिली ढोली एकडोळ्याची. हा आमचा सगळ्यात म्हातारा नर. दोन बायका गेल्या, पिल्लू एकही जगलं नाही, तरी दर वर्षी नेमानं तीच ढोली झाडूनपुसून बसणारा. सावकाशरावनं शिडी धरली, मी वर चढले. पिशवी खांद्याला, जाळं हातात. आत दिवा मारला तर मादी बसलेली. मला वाटलं, खालच्या ओढ्याकडची असणार. टेकडीवरच्या सगळ्या पक्ष्यांच्या पायात मी निळं कडं घालते, नदीपलीकडच्यांच्या पायात पिवळं, म्हणजे लांबूनही कोण कुठलं ते कळावं. ती थोडी सरकली आणि मला तिचा पाय दिसला. पिवळं. मी दिवा विझवला. डोळे चोळले. पुन्हा लावला. पिवळंच. आणि तिच्या पोटाखाली काहीतरी वळवळलं, करड्या कापसाचे तीन गोळे. तीन, आई! चोची सरळ. एकानं तर माझ्या बोटाला असा चावा घेतला की रक्त आलं, आणि मी त्या शिडीवर वेड्यासारखी हसायला लागले. खालून सावकाशराव ओरडतोय, "काय झालं? पडताय का?" शेवटी म्हटलं, "नदीपलीकडची आहे. चालून आलीय." घुबड चालून कसं येईल, पण माझ्या तोंडून तेच गेलं. त्यानं शिडी सोडली आणि तो तिथंच मातीत बसला, डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली. मी वरून ओरडले की अरे, शिडी धर, मी अजून वरच आहे.

कड्यावरचा आकडा तपासला. दोन वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या रानात मीच ते तिच्या पायात घातलं होतं, ती पिल्लू असताना. पकडापकडीचं काम त्याच दिवशी थांबलं. पिंजरे परत गेले. मॅडमना फोन केला तर त्या एवढंच म्हणाल्या, "मी जरा बाहेर जाऊन येते." मोजकं बोलणाऱ्या बाईंच्या मानानं हे नाचण्यासारखंच. पण सगळ्यांचा आनंद ओसरल्यावर प्रश्न उरलाच. ती आली कुठून? रस्ता आहे, गोदामं आहेत, भाजीचे उघडे मळे आहेत. आम्ही नकाशे पसरून बसलो. आणि माझ्या बोटाखाली, नकाशावर, आपल्या घराच्या आणि लाकडाच्या वखारीच्या मागचा झाडांचा पट्टा होता, पण खरं सांगते, माझ्या डोक्यात तो आलाच नाही. तिथं बारा महिने करवती चालायच्या, त्या आवाजात हे भित्रं पाखरू कशाला येईल, असं माझ्या मनात पक्कं बसलेलं. बाबा गेले, वखार बंद पडली, तिथं आता तीन वर्षं शांत आहे, हे मला माहीत होतं. पण तो सगळा भागच मी मनातून बाजूला ठेवून दिला होता.

बाबांची आठवण त्या दिवसांत फार आली. आयुष्यभर लाकूड विकलेला माणूस, पण मागच्या झाडांना करवत लावू दिली नाही. कोणी मोठं गिऱ्हाईक त्या खोडांकडे बोट दाखवायचं तर ते म्हणायचे, "तो माल नाही, ती घरची माणसं आहेत." मला लग्नानंतर पहिल्यांदा त्या घरात करमलं ते या वाक्यानं. तुम्ही मात्र म्हणायचात की पाला झाडून झाडून माझी कंबर गेली आणि यांना माणसं दिसताहेत.

आणि मग, तीन आठवड्यांपूर्वी, तुमचे चिरंजीव माझ्या कचेरीत येऊन उभे राहिले. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी त्याला प्लास्टिकची खुर्ची दिली, चहा दिला. तो वाळलाय हो. आल्या आल्या म्हणाला, "आई जागेच्या कागदांवर सही करत नाही. तू तिला काही सांगितलंयस का?" मला जागा विकायची चाललीय हेच माहीत नव्हतं. तो म्हणाला, गोदाम बांधणारे पुढचं मागचं सगळं घेताहेत, झाडं पाडून. मी काही बोलायच्या आत त्याचा आवाज बदलला. म्हणाला, "सहीचं जाऊ दे. मला आईची भीती वाटते. तिचं डोकं ठिकाणावर नाही." तुम्ही पडल्यानंतर त्यानं तुम्हाला शहरात नेलं, अकराव्या मजल्यावर ठेवलं, आणि तेव्हापासून तुम्ही एकच सांगताय म्हणे, झाडं पाडायची नाहीत, मागच्या झाडात नवं बिऱ्हाड आलंय. "म्हणते, मी दुपारी पायरीवर चहा घेऊन बसले की ती वरून माझ्याकडे बघते, मान खालीवर करते. मी विचारलं, कोण ती? तर म्हणते, नाव नाही सांगितलं अजून, नवीन आहे." हे सांगताना त्याचे डोळे भरले होते. आई, तो रडत होता आणि मला हसू दाबावं लागत होतं. तुमची गंमत करायची रीत त्याला चाळीस वर्षांत कळली नाही! पण हसू आलं तसंच थांबलंही. मान खालीवर करते. दुपारी. झाडाच्या ढोलीतून. माझ्या हातातला कप मी टेबलावर ठेवला.

मी त्याला म्हटलं, "गाडी काढ. आत्ता." तो म्हणाला, कुठे? मी म्हटलं, "तुझ्या आईच्या शेजारणीकडे."

तुमच्या घराचं कुलूप उघडायला त्यालाच दहा मिनिटं लागली, इतकं गंजलंय. मागे गेलो. तुमच्या पायरीसमोरच्या त्या जाड खोडाखाली मी गुडघ्यांवर बसले आणि पाला बाजूला केला. हे पक्षी खाल्लेल्याची हाडं आणि केस गोळी करून ओकून टाकतात. गोळ्याच गोळ्या, जुन्या, ताज्या. मी त्याला दाखवल्या. तो म्हणाला, "कावळ्यांचं असेल." म्हटलं, "बस इथं." दोघं पायरीवर बसलो. इतक्या वर्षांनी शेजारी शेजारी. ऊन खोडावरून सरकत होतं. त्यानं दोनदा घड्याळ बघितलं, तिसऱ्यांदा बघणार तेवढ्यात ढोलीच्या तोंडाशी दोन पिवळे डोळे आले. मग अख्खं डोकं. तिनं त्याच्याकडे बघितलं, आणि मान खाली, वर, खाली, वर, अगदी नवीन भाडेकरू जिन्यात भेटल्यावर करतो तशी. ही दुसरीच मादी, हिच्याही पायात पिवळं कडं. तुम्ही बघितलेली ती बहुधा आता टेकडीवर एकडोळ्याच्या घरी नांदतेय, आणि तिच्या रिकाम्या जागेत ही आली.

त्याचं घड्याळ बघायचं राहूनच गेलं. मग एवढंच म्हणाला, "मी तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेणार होतो. पुढच्या आठवड्यात." तो पुन्हा म्हणाला, "ती सांगत होती आणि आम्ही सगळे हो म्हणून एकमेकांकडे बघत होतो." हे तुम्ही रोज बघितलं असणार. तुम्हाला ऐकू कमी येतं, दिसतं नीट. त्याचा राग धरू नका, असं मी म्हणणार नाही, तो तुमचा हक्क आहे. पण तो घाबरला होता, हे खरं. घाबरलेला माणूस समोरच्याचं ऐकत नाही, हे आमच्या संसारात मीही पुष्कळ अनुभवलंय, दोन्ही बाजूंनी.

पुढचं भराभर झालं. त्यानं त्याच पायरीवरून गोदामवाल्यांना फोन लावला. पुढच्या वखारीच्या मोकळ्या जागेचं काय ते तुम्ही ठरवाल, असं तो त्यांना म्हणाला. झाडांचा पट्टा आणि घर विकायचं नाही, हे त्यानं सांगून टाकलं. ते लोक चिडले, मग पुढच्या जागेवर तयार झाले. मॅडम स्वतः येऊन पट्टा बघून गेल्या. त्यांचं म्हणणं, नदीकाठापासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत या भित्र्या पक्ष्याला झाडाझाडानं येता येईल अशी ही एकच वाट उरलीय. दर दोन-चार वर्षांनी बाहेरून एवढी एक सून आली तरी टेकडीवरचं घराणं तगेल. सून हा शब्द माझा, त्या काहीतरी लांबलचक बोलल्या. धोका टळला असं अजून कोणी म्हणत नाही. अकरा पक्षी म्हणजे अकराच, एक वाईट साल आलं तर काय, ही धाकधूक आहेच. पण ती तिन्ही पिल्लं आता उडतात. काल त्यातल्या एकाला मी पालीसाठी भावंडाशी भांडताना बघितलं, आणि कित्येक वर्षांनी घरी येऊन गाढ झोपले. माझ्या छातीवर इतकं ओझं होतं, हे ते उतरल्यावर कळलं.

आता हे पत्र कशासाठी, ते. तुमच्या चिरंजीवांना 'माझं चुकलं' म्हणता येत नाही, हे आपल्या दोघींइतकं कोणाला माहीत? तो मला म्हणाला, "तूच लिही, तुला जमतं." म्हणून लिहिलंय. डॉक्टरांची वेळ त्यानं रद्द केली आहे. त्याची अडचण आता एकच, तुम्ही तिथं एकट्या कशा राहणार. त्याचं उत्तर मी परवा देऊन टाकलं, तुम्हाला न विचारता, म्हणून आता विचारते. मागच्या बाजूची खोली मला द्याल का? मी घोरते, पुस्तकं फार आहेत, आणि स्वयंपाक तुम्हाला आठवतोच आहे. पण न्हाणीघरात धरायला दांडे मी कालच बसवून घेतलेत, आणि पाला मी झाडेन. आमचं दोघांचं काही पुन्हा जुळत नाहीये, तसं मनात आणू नका. मला फक्त तुमच्याजवळ राहायचंय, आणि हे म्हणायला सहा वर्षं लागली. हे पत्र तो स्वतः हातात आणून देईल. तुम्ही वाचत असताना तो दारात उभा असेल, पडद्याशी चाळा करत. वाचून झालं तरी लगेच वर बघू नका, त्याला जरा वेळ लागेल. त्यानं नाक पुसलं की मग माळ्यावरची बॅग काढायला सांगा.

तुमचीच,
खिडक्या पुसायला निघालेली सून